रानातले विष आणि पाश्चरची लस

फ्रान्सच्या पूर्व भागात झुरा पर्वताच्या पायथ्याशी आर्ब्वा नावाचे एक छोटे गाव आहे. १८३१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक पिसाळलेला लांडगा डोंगरातून उतरून त्या परिसरात शिरला आणि वाटेत भेटेल त्या माणसाला व जनावराला चावत सुटला. त्या काळी अशा दंशावर एकच उपाय लोकांना ठाऊक होता, तो म्हणजे जखम तापलेल्या लोखंडाने डागणे. आर्ब्वातील जखमींना त्यासाठी लोहाराच्या भट्टीवर नेण्यात आले. ही भट्टी कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या झाँ-जोसेफ पाश्चरच्या घराजवळच होती, आणि तेथे जे घडले त्याची दहशत त्याच्या जवळजवळ नऊ वर्षांच्या मुलाच्या मनावर कायमची राहिली. डागणी घेऊनही त्या परिसरातील अनेक जण पुढे जलसंत्रासाने तडफडून मेले. लुई पाश्चर जगद्विख्यात झाल्यावर या प्रसंगाला चरित्रकारांनी त्याच्या भावी संशोधनाचे बीज मानले. चरित्रकारांना अशी बीजे फार प्रिय असतात. वस्तुतः पाश्चर या रोगाकडे वळला तो सुमारे पन्नास वर्षांनी, आणि त्यामागची कारणे बालपणीच्या भीतीपेक्षा पुष्कळच हिशेबी होती.

मधल्या पन्नास वर्षांत त्याच्या संशोधनाची वाट बऱ्याच अंशी उद्योगधंद्यांच्या अडचणींनी आखून दिली. २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल येथे जन्मलेला हा मुलगा पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरील शोधाने त्याने नाव मिळविले. लिल येथे असताना बीटपासून मद्यार्क बनविणाऱ्या कारखानदाराची तक्रार त्याच्याकडे आली व तेथून तो किण्वनाच्या अभ्यासात शिरला. पुढे मद्य बिघडू लागले म्हणून त्याला पाचारण झाले आणि रेशमाचे किडे मरू लागले म्हणून १८६५ पासून त्याने दक्षिण फ्रान्समध्ये काही वर्षे घालविली. याच काळात घरावर आघातामागून आघात होत होते. १८५९ ते १८६६ या सात वर्षांत त्याच्या तीन मुली दगावल्या, त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघात झाला व शरीराची डावी बाजू जन्मभर अधू राहिली. यापुढचे नाजूक प्रयोग त्याच्या डोक्याने आणि सहकाऱ्यांच्या हातांनी झाले, ही गोष्ट रेबीजच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

१८८० च्या डिसेंबरात पाश्चरने रेबीजचा अभ्यास आरंभिला तेव्हा कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरील लस त्याच्या हाती होती आणि मेंढ्यांच्या काळपुळीवरील लस तयार होण्याच्या मार्गावर होती. रेबीजने फ्रान्समध्ये वर्षाकाठी मरणाऱ्यांचा आकडा सहसा शंभराच्या आतच असे. क्षयाने, घटसर्पाने वा विषमज्वराने मरणाऱ्यांच्या तुलनेत ही संख्या नगण्यच म्हणावयाची. मग हाच रोग का? एक तर त्याची दहशत त्याच्या आकड्याच्या कितीतरी पट होती. दुसरे असे की, हा रोग माणसाचा मुळी नव्हेच. तो लांडग्याचा, कोल्ह्याचा, कुत्र्याचा रोग होय, आणि माणूस त्यात केवळ अपघाताने सापडतो. त्यामुळे प्रयोग जनावरांवर करता येत होते. तिसरे कारण सर्वांत निर्णायक होते. चावा आणि रोगाची लक्षणे यांच्यामध्ये बहुधा काही आठवड्यांचे अंतर असते. विष जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असते, आणि ते पोचण्याच्या आत शरीराला प्रतिकार शिकविता आला तर चावा बसल्यानंतरही माणूस वाचू शकतो. लस रोगाच्या आधी द्यावयाची असते या नियमाला येथे एक फट होती व ती पाश्चरने नेमकी हेरली.

काम मात्र सोपे नव्हते. रोगजंतू सूक्ष्मदर्शकातून दिसेना. तो दिसणे शक्यही नव्हते, कारण तो जिवाणू नसून विषाणू होता, आणि असे काही वेगळे वर्गीकरण त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. लॅटिनमध्ये विषाला व्हायरस म्हणतात. पाश्चर हा शब्द त्याच ढोबळ अर्थाने वापरी. न दिसणाऱ्या शत्रूला वाढवावयाचे तर जिवंत प्राण्याच्या शरीरातच वाढविणे भाग होते. ल्योंच्या पशुवैद्यक विद्यालयातील गाल्तिए याने १८७९ मध्येच रेबीज सशांत संक्रमित करून दाखविला होता. त्याच्या वाट्याला पुढे फारशी कीर्ती आली नाही. पाश्चरचा सहकारी एमिल रू याने कवटीला छिद्र पाडून रोगद्रव्य थेट मेंदूवर सोडण्याची पद्धत बसविली. एका सशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे संक्रमण करीत नेल्यावर रोगाचा कालावधी सुमारे सात दिवसांवर स्थिर झाला. अशा सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला की दिवसागणिक त्यातील विषाची धार बोथट होत जाई. लस म्हणतात ती हीच: आरंभी सुमारे पंधरा दिवस सुकलेला निरुपद्रवी रज्जू, मग रोज थोडा अधिक ताजा, आणि अखेरीस जवळजवळ जिवंत विष.

६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधून जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला दोन दिवसांपूर्वी अनेक ठिकाणी फाडले होते. पाश्चर वैद्य नव्हता. कायद्याने त्याला सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. डॉ. ग्रांशे यांनी दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या आणि मुलगा जगला. ऑक्टोबरात झुरा भागातीलच झुपीय नावाच्या गुराखी पोराला आणण्यात आले. इतर मुलांना वाचविण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. तोही जगला आणि जगभर पाश्चरचा जयजयकार झाला.

या जयजयकाराची दुसरी बाजू पुढे शंभर वर्षांनी उजेडात आली. पाश्चरने आपल्या प्रयोगवह्या कोणाला दाखवू नयेत असे कुटुंबीयांना बजावले होते. नातवाने त्या १९६४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, आणि त्यांचा अभ्यास करून जेराल्ड गायसन या इतिहासकाराने १९९५ मध्ये ग्रंथ लिहिला. पन्नास कुत्र्यांना आपण रोगप्रतिकारक केले आहे असे पाश्चरने जाहीर केले होते. परंतु माइस्टरवर ज्या क्रमाने टोचण्या झाल्या त्या क्रमाचे कुत्र्यांवरील प्रयोग तेव्हा अपुरेच होते असे वह्यांवरून दिसते. माइस्टरपूर्वी दोन रुग्णांवर गुपचूप उपचार झाले होते. त्यांपैकी एक अकरा वर्षांची मुलगी होती. लक्षणे दिसू लागल्यावर तिला टोचले गेले व ती दगावली. रू याने माइस्टरच्या उपचारात भाग घेण्याचे नाकारले होते, त्याचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. पाश्चरचे पुतळे यामुळे पाडावयाचे कारण नाही. पण उपचार यशस्वी ठरला म्हणून धाडस शास्त्रशुद्ध ठरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

समकालीन विरोधकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो संख्याशास्त्राचा होता. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होतोच असे नाही; बहुतेकांना तो होत नाही. मग वाचलेला माणूस लसीने वाचला की नशिबाने, हे ठरवावयाचे कसे? वैद्यक अकादमीत मिशेल पीटर यांनी हा प्रश्न हिरिरीने मांडला. त्यांच्या बोलण्यात मत्सराचा अंश असेल, तथापि प्रश्न खोटा नव्हता. १ मार्च १८८६ रोजी पाश्चरने ३५० रुग्णांचा हिशेब दिला. त्यांत मृत्यू एकच होता: लुईझ पेल्तिए ही दहा वर्षांची मुलगी, जिला चाव्यानंतर सदतीस दिवसांनी आणण्यात आले होते. उशीर झाला आहे हे उघड दिसत असूनही पाश्चरला तिच्या आईवडिलांना नकार देववला नाही. आकडा प्रभावी होता. पण ३५० पैकी उपचाराविना किती मेले असते हे कोणालाच सांगता येत नव्हते.

या वादात निर्णायक साक्ष दिली ती पुन्हा एका लांडग्याने. त्याच मार्च महिन्यात रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातून एकोणीस माणसे पॅरिसला पोचली. पिसाळलेल्या लांडग्याने त्यांचे चेहरे, डोकी व हात छिन्नविच्छिन्न केले होते. त्यांच्यात एक धर्मगुरूही होता. त्यांना फ्रेंचमधील एकच शब्द येत होता, आणि तो म्हणजे पाश्चरचे नाव. कुत्रा पायाला किंवा कपड्यावरून चावतो. लांडगा तोंडावर झेप घेतो आणि खोल फाडतो. जखम मेंदूच्या जवळ असल्याने विषाला फार वाट तुडवावी लागत नाही. म्हणूनच अशा लांडग्याने चावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मरतात, असा त्या काळचा अनुभव होता. त्यात या लोकांचे प्रवासातच दोन आठवडे गेले होते. पाश्चरने टोचण्यांचा वेग वाढविला, दिवसातून दोनदा त्या देवविल्या. तिघे दगावले, सोळा जण घरी परतले. नशिबाच्या युक्तिवादाला येथे फारशी जागा उरली नाही. कुत्र्याच्या चाव्यांचे शेकडो आकडे जे सिद्ध करू शकले नाहीत ते एका रानटी जनावराच्या एकोणीस बळींनी केले. झारने पाश्चरला हिरेजडित सन्मानचिन्ह आणि एक लाख फ्रँक पाठविले.

हे एक लाख ज्या निधीत जमा झाले त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. संस्था उभारण्यासाठी देशोदेशींहून पंचवीस लाख फ्रँकहून अधिक वर्गणी गोळा झाली. तीत राजेरजवाडे होते, तशीच पोस्टमन व विद्यार्थी यांची चिल्लरही होती. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्या उपस्थितीत पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा पाश्चरला आपले भाषण वाचवेना, ते मुलाने वाचले. उपचार मोफत होता. पण पॅरिसला पोचणे मोफत नव्हते. अमेरिकेतील न्यूअर्कच्या चार मुलांसाठी १८८५ च्या डिसेंबरात वृत्तपत्रातून वर्गणी जमवावी लागली होती. हिंदुस्थानातून गोऱ्या सैनिकांना बोटीने पॅरिसला धाडले जाई. रयतेपैकी कोणाला कुत्रा वा कोल्हा चावला तर त्याच्यासाठी डागणी आणि मांत्रिक होतेच. १९०० मध्ये कसौलीला व १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या तेव्हा कोठे हे अंतर थोडे कमी झाले. कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस पुढे आणली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती ज्या लसीने घरोघर पोचविली ती हीच, आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होते.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. सर जेम्स पॅजेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८८७ मध्ये पाश्चरचे निष्कर्ष खरे ठरविले, पण शिफारस केली ती कुत्र्यांना मुसकी बांधण्याची. पंधरा वर्षांत त्या बेटावरून रेबीज हटला. पैशाच्या हिशेबाने हा सौदा पॅरिसच्या कोणत्याही संस्थेपेक्षा स्वस्त होता. मात्र इंग्लंडभोवती समुद्र होता आणि तेथील लांडगे शतकांपूर्वीच नामशेष झाले होते. स्मोलेन्स्कच्या लांडग्याला मुसकी कोण बांधणार?

पाश्चरचा अंत २८ सप्टेंबर १८९५ रोजी विलनव्ह-लेताँ येथे झाला. रेबीजच्या प्रयोगांतील कुत्र्यांसाठी सरकारने त्याला दिलेली जागा ती हीच. त्याची लस चावलेल्या माणसापाशी सुरू होत होती व त्याच्यापाशीच संपत होती. विषाच्या रानातील मुक्कामाला तिने हात लावला नव्हता. फ्रान्सने १८८२ च्या कायद्याने लांडग्यांच्या डोक्यावर इनामे वाढविली आणि काही दशकांत तेथला लांडगा नाहीसा झाला. रेबीज मात्र परतला. पूर्व युरोपातून तांबड्या खोकडांच्या अंगाने तो वर्षामागून वर्षे पश्चिमेकडे सरकला व १९६८ मध्ये फ्रान्सच्या हद्दीत शिरला. खोकडांची सरसकट कत्तल झाली, बिळांत विषारी वायू सोडला गेला. पण मोकळ्या झालेल्या टापूत शेजारची तरणी खोकडे येत आणि रोग सोबत आणीत. माणसाच्या बाबतीत आजही सर्वाधिक धोका कुत्र्याचाच आहे. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे मृत्यू मुख्यतः आशिया व आफ्रिकेतील, आणि त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. लस असतानाही हे मृत्यू होतात, कारण चाव्यानंतरचा उपचार वेळेवर पोचणे हे आजही, माइस्टरच्या आईप्रमाणेच, त्या त्या घराच्या ऐपतीवर आणि वाटेच्या लांबीवर अवलंबून राहते.

खोकडांवर उपाय सापडला तो लस जनावरालाच देण्याचा. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. फ्रान्सने १९८६ पासून हा मार्ग धरला. मासळीच्या पिठाच्या वड्यांत लसीची पुडी घालून त्या हेलिकॉप्टरमधून जंगलांवर सोडण्यात आल्या. खोकडांतील शेवटची नोंद १९९८ ची, आणि २००१ मध्ये देश या रोगापासून मुक्त जाहीर झाला. वडी खोकडाने खाल्ली की नाही हे कळावे म्हणून तीत टेट्रासायक्लीन मिसळलेले असे. शिकार झालेल्या खोकडाचा जबडा प्रयोगशाळेत येई, दाताचा पातळ काप जंबुपार प्रकाशाखाली धरला जाई, आणि लस पोटात गेली असेल तर त्या दातात पिवळी रेघ उजळून दिसे.