कृषिव्रती वसंतराव नाईक

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. १९९९ पर्यंत हा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. येथील जमीन काळी व कसदार आहे. ज्वारी, कापूस, हळद अशी पिके या भागात होतात. परंतु जमीन कितीही चांगली असली, तरी तिला वेळेवर पाणी हवे, सकस बियाणे हवे आणि कसणाऱ्याच्या हाती ज्ञानही हवे. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी घरातील कणगी रिकामी राहते. ही गोष्ट ज्यांनी लहानपणीच ओळखली आणि राज्याचा कारभार हाती आल्यावरही जिचा विसर पडू दिला नाही, असे एक पुरुष महाराष्ट्राला मुख्यमंत्री म्हणून लाभले. ते म्हणजे वसंतराव नाईक होत.

हट्ट्याहून ईशान्येस निघून कयाधू आणि पैनगंगा या नद्या ओलांडल्या, की यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुका लागतो. या तालुक्यात गहुली नावाचा बंजारा समाजाचा एक तांडा आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव फुलसिंग. एके काळी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत असत. रस्ते झाले, आगगाडी आली आणि त्यांचा हा व्यवसाय बुडाला. पुष्कळ तांडे मग एका जागी स्थिर होऊन शेती करू लागले. वसंतरावांचे घराणे अशाच शेतकऱ्यांपैकी होते.

तांड्यात त्या वेळी शिक्षणाची सोय नव्हती. त्यामुळे लहानग्या वसंताला शाळेसाठी निरनिराळ्या गावी जावे लागले. कधी पायपीट, कधी परक्या गावी मुक्काम, असे करीत त्याने प्राथमिक शिक्षण पुरे केले. पुढील शिक्षणासाठी तो नागपूरला गेला. तेथील मॉरिस कॉलेजातून त्याने पदवी मिळविली आणि १९४० मध्ये कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण केली. तांड्यातील मुलाने वकील व्हावे, ही त्या काळी मोठ्या नवलाची गोष्ट होती.

वसंतरावांनी प्रथम अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर वकिली केली आणि नंतर पुसदला स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता. त्या काळी जातीची बंधने फार कडक होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पुष्कळ विरोध झाला. तथापि दोघेही आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. हळूहळू लोकांचा रोष मावळला आणि वत्सलाबाई आपल्या पतीच्या कार्यात मनापासून सहभागी झाल्या.

वकिलीच्या निमित्ताने गोरगरीब शेतकऱ्यांची गाऱ्हाणी वसंतरावांच्या कानी रोज पडत. कोणाची जमीन सावकाराकडे गहाण असे, तर कोणी बी-बियाण्यावाचून अडून बसे. एकेकाचा खटला लढवून हे दुःख सरणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले आणि ते सार्वजनिक कार्याकडे वळले. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये ते मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले, कारण विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. तेथे त्यांनी महसूल खात्याचे उपमंत्री म्हणून काम केले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्यांच्याकडे आधी सहकार आणि मग शेती ही खाती आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि ते महसूलमंत्री झाले.

नव्या राज्यात खेड्यांचा कारभार कोणी पाहावा, हा मोठा प्रश्न होता. त्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद वसंतरावांकडे आले. जिल्ह्यातील लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती अधिकार द्यावेत, अशी शिफारस या समितीने केली. त्यातूनच १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कारभार सुरू झाला. खेड्यातील शाळा, रस्ता, दवाखाना यांविषयीचे निर्णय आता जिल्ह्यातच होऊ लागले.

१९६३ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. त्यांच्या मागे ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. हा काळ मोठा कठीण होता. देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती. अमेरिकेहून जहाजांतून येणाऱ्या गव्हावर देशाला अवलंबून राहावे लागत होते. शहरांत शिधावाटप दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागत. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. दुसऱ्याच्या धान्यावर जगणारे राष्ट्र खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहू शकत नाही, हे तेव्हा साऱ्यांनाच जाणवले.

त्याच वर्षी पुण्यात शनिवारवाड्यासमोर भरलेल्या प्रचंड सभेत वसंतरावांनी एक कठोर प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला याच ठिकाणी फासावर चढवावे, असे त्यांनी जाहीर केले. राज्याच्या प्रमुखाने स्वतःचे प्राण पणाला लावावेत, हे ऐकून लोक स्तिमित झाले.

परंतु केवळ प्रतिज्ञेने धान्य पिकत नाही. वसंतराव गावोगाव हिंडू लागले. ते थेट शेताच्या बांधावर जात, मातीचे ढेकूळ हाती घेऊन पाहत आणि शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलत. त्या सुमारास संकरित ज्वारीचे नवे बियाणे निघाले होते. त्याचे उत्पन्न गावरान ज्वारीहून कितीतरी अधिक येत असे. तरीही शेतकरी साशंक होते. हे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागे, त्याला खतही भरपूर लागे. ताटे आखूड असल्याने गुरांना कडबा कमी मिळे. ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला, तर दाणे काळे पडत. या ज्वारीच्या भाकरीला पहिल्यासारखी गोडी नाही, अशी तक्रारही घरोघरी होती. या तक्रारी खोट्या नव्हत्या. परंतु ज्याच्या घरी भाकरीच नाही, त्याला गोडीपेक्षा पोट भरण्याची निकड अधिक असते, हे वसंतरावांना ठाऊक होते. त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. हळूहळू एकाचे पाहून दुसरा नवे बियाणे पेरू लागला.

प्रतिज्ञेच्या मुदतीत सारे काही साध्य झाले, असे म्हणता येणार नाही. पावसाने अनेकदा पाठ फिरविली. परंतु नव्या शेतीचा पाया मात्र पक्का घातला गेला. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे वसंतरावांच्याच कारकीर्दीत स्थापन झाली. परभणीचे विद्यापीठ १९७२ मध्ये मराठवाड्यासाठी निघाले आणि हट्ट्यासारख्या गावांना शेतीचे शास्त्र जवळ आले. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणेही याच काळात पूर्णत्वास गेली. पाटबंधारे खाते त्या वेळी शंकरराव चव्हाण सांभाळीत होते. या धरणांच्या कालव्यांमुळे वसमत तालुक्यातील शिवारांत पाणी खेळू लागले.

मग १९७२ साल उजाडले. मागील वर्षीही पाऊस अपुराच झाला होता. या वर्षी तर त्याने साफ दगा दिला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली. मराठवाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे घराला कुलूप लावून बाहेर पडली. वसंतरावांच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी कसोटी होती. लोकांना भिकेचे अन्न देऊ नये, हाताला काम द्यावे आणि कामाचे दाम द्यावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. ठिकठिकाणी रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे सुरू झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. स्त्रिया व पुरुष भर उन्हात खडी फोडीत, माती वाहत. मुलांना सुकडी नावाचा खाऊ वाटला जाई. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. हाल फार झाले, परंतु लाखो लोकांना स्वतःच्या श्रमांवर तग धरता आला.

या कामांतूनच रोजगार हमी योजना दृढ झाली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची होती, तर तिला शासनाचे बळ वसंतरावांनी दिले. जो काम मागेल, त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे या योजनेचे तत्त्व होते. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला आणि २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला.

१९७५ च्या फेब्रुवारीत वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे पद सलग सांभाळले होते. १९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे देहावसान झाले.

सत्तेच्या शिखरावर असतानाही वसंतरावांचे मन शेतातच रमत असे. मुंबईतील आपल्या सरकारी निवासस्थानास त्यांनी वर्षा हे नाव दिले. पुढे तेच मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान म्हणून प्रसिद्धीस आले. शेतकऱ्याच्या जीवनात पावसाचे मोल काय असते, हे या एका नावातच साठविलेले आहे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठासही २०१३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या माणसाला शाळेसाठी गावोगाव फिरावे लागले, त्याच्या नावाच्या विद्यापीठात आज शेतकऱ्यांची मुले-मुली शिकत आहेत. त्यांच्या कार्याचे याहून समर्पक स्मारक दुसरे कोणते असणार?