होसकोट्याचे जहागीरदार शहाजीराजे

होसकोट्याच्या तळ्याकाठी उभे राहिले की आम्हां मंडळींस शहाजीराजे हटकून आठवतात. आपण नोकरीपायी येथे आलो. राजेही एका अर्थी चाकरीनेच आले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यावर ते विजापूर दरबारी रुजू झाले. १६३८ साली रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि होसकोटे, कोलार, शिरे यांसह तो मुलूख राजांच्या जहागिरीत आला. जयराम पिंड्ये याने त्यांच्यावर 'राधामाधवविलासचंपू' रचले.

पण त्यांचा शेवट ना दरबारात झाला, ना रणांगणावर. त्या काळी या पठाराच्या उघड्या माळांवर काळविटांचे कळप चरत. रयत हरणांपासून पीक राखी, सरदार त्यांची शिकार करीत. राजांनाही शिकारीचा नाद होता आणि तोच जिवावर बेतला. जानेवारी १६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोडा अडखळला व राजे कोसळले. पुढे हरीण धावत होते, असे परंपरा सांगते. समाधी तेथेच आहे, शिवनेरीपासून किती दूर!

१६८७ साली बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले. काळविटे मात्र मधुगिरी तालुक्यात मैदनहळ्ळीच्या माळावर शेतकऱ्यांच्या शेजारानेच राहिली. २००७ साली त्या माळाला सरकारी संरक्षण मिळाले.