अंगणातील शाळा : अनुताई वाघ

दिल्लीतील एखादी वस्ती असो, नोएडाजवळचे एखादे गाव असो किंवा गडचिरोलीतील एखादा पाडा असो, तीन ते सहा वर्षांची मुले सकाळी जेथे एकत्र जमतात त्या जागेला आपण अंगणवाडी म्हणतो. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि देशातील ३३ विभागांत प्रयोगादाखल ही केंद्रे उघडली. तेव्हापासून हा शब्द सर्व भारतीयांच्या तोंडी रुळला. अंगणवाडीची कल्पना मात्र त्याच्या तीस वर्षे आधी, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात आकाराला आली होती. ही कल्पना ताराबाई मोडक यांची. ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी ज्यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे वेचली, त्या अनुताई वाघ यांची ही चरित्रकथा आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला होता. अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये सरावे, अशी समाजाची रीत होती. अनुताईंनी हाती पुस्तक घेतले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथे शिक्षिका म्हणून काम करू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय पंधरा वर्षांचे होते.

पुढे त्या पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या प्रसिद्ध शाळेत शिकवू लागल्या. पेशवाईत जेथे घोड्यांची पागा होती, तेथे मुलींची शाळा भरत असे. दिवसा अनुताई मुलींना शिकवीत आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेच्या बाकावर जाऊन बसत. शिक्षिकेला विद्यार्थिनी होण्यात संकोच वाटणे स्वाभाविक आहे. दिवसभराच्या कामानंतर पुस्तक उघडताना डोळे मिटू लागतात, हेही खरे आहे. काम सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या.

पुण्यातील नोकरी स्थिर होती आणि कामाला मान होता. तरीही अनुताईंचे मन खेड्याकडे ओढ घेत होते. कस्तुरबा गांधींचे १९४४ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या सेविका तयार करावयाच्या होत्या. मुंबईजवळ बोरिवली येथे अशा सेविकांचे शिबिर भरले होते. १९४५ मध्ये अनुताई या शिबिराला गेल्या आणि तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मादाम मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षणपद्धतीचा प्रयोग केला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला; पुढे दादरला शिशुविहार निघाला. या पद्धतीत मूल पाठांतर करीत नाही. ते स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळते, लावते, मोडते, पुन्हा लावते आणि त्यातून शिकते. पद्धत उत्तम होती, पण तिची साधने महाग होती. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून-मापून केलेल्या दट्ट्या, मण्यांच्या माळा हे सारे शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांना मिळू शकत होते. गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करीत होता. त्या बोर्डीला निघाल्या त्या याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी, आणि त्यांच्यासोबत पस्तीस वर्षांच्या अनुताई निघाल्या.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९४५ मध्येच डहाणू, तलासरी या भागातील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांचे नेतृत्व करीत होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबणाऱ्या माणसांच्या मुलांसाठी बालवाडी काढणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून येईल. घरात धान्य नाही, अंगावर पुरेसे वस्त्र नाही. अशा आईबापांना मुलाच्या हाती रंग आणि माती देणाऱ्या शाळेचा उपयोग कसा पटावा?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतील मुले तिकडे फिरकत नसत. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढ्या दूर कोण नेऊन सोडणार? आईबाप पहाटे कामावर जात. शिवाय गावात उच्चनीचतेच्या भिंती होत्याच. मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. सेविका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून सारवून घ्यायचे, तेथेच मुलांना गोळा करायचे आणि तेथेच शाळा भरवायची. हीच अंगणवाडी. तिला भिंती नव्हत्या, फळा नव्हता, घंटा नव्हती.

पहिला पाठ पाण्याचा असे. सेविका मुलांना आंघोळ घालीत, नखे कापीत, केस विंचरीत. मग गाणी होत, गोष्टी होत, खेळ होत. साधने आणायची कोठून, हा प्रश्न बोर्डीच्या किनाऱ्याने आणि रानाने सोडविला. शंखशिंपले, चिंचोके, निरनिराळ्या बिया, पाने, फुले, काड्या, खडे यांचे ढीग मुलांपुढे ठेवले जात. लहान आणि मोठा, गुळगुळीत आणि खरबरीत, हलका आणि जड हे भेद मूल त्यांतून बोटांनी शिके. चिंचोक्यांच्या ओळी मांडता मांडता ते मोजू लागे. ओल्या मातीचे बैल, चूल, भाकऱ्या होत. पाना-फुलांच्या रांगोळ्या होत. मॉन्टेसरीबाईंच्या ठोकळ्यांचे काम शिंपल्यांनी केले. मला तर वाटते, शिंपल्यांनी ते अधिक चांगले केले. कारण हरवलेला ठोकळा विकत आणावा लागतो, पण हरवलेल्या शिंपल्यासाठी मूल स्वतः किनाऱ्यावर जाते आणि एकाऐवजी दहा घेऊन येते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वारल्यांची मुले मंद असतात, असे गावातील पुष्कळांना वाटे. परंतु ही मुले ज्या झोपड्यांतून येत, त्यांच्या गेरूने सारविलेल्या भिंतींवर बायका तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखाटीत. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्याच सामग्रीतून माणसे, झाडे, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी रांग उभी राही. याच डहाणू परिसरातील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला पुढे जगभर पोहोचली. अशा घरातील मुलाला हस्तकौशल्य उपजतच ठाऊक होते. अडचण होती ती छापील मराठीची, कारण घरची वारली बोली तिच्याहून बरीच वेगळी होती. म्हणूनच अक्षरांच्या आधी गाणे, गोष्ट, चित्र आणि हातकाम हा क्रम या मुलांना मानवला.

१९५७ च्या सुमारास कामाचे केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे विखुरलेले पाडे होते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांचा तेथे एकच परिसर झाला. त्याला विकासवाडी असे नाव मिळाले. पाळणाघराची गरज का पडली? सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंडाला सांभाळण्याची सोय शाळेतच झाली, तेव्हा ती मुलगी पाटी घेऊन बसू शकली. कागदोपत्री पाळणाघर लहान मुलांसाठी असते. कोसबाडला ते मोठ्या बहिणींसाठीही होते.

तरीही काही मुले हाती लागत नव्हती. ती दिवसभर गुरांमागे असत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक रानात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली धडा होई. खडे, पाने, चरणारी जनावरे मोजून गणित होई. एखादे जनावर शेतात शिरले की विद्यार्थी धडा सोडून धावे, आणि परत येईपर्यंत शिक्षकाला थांबावे लागे. मुलांनी गुरे राखावीतच का, त्यांना शाळेत का आणू नये, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो चुकीचाही नाही. पण त्या वर्षांत ते मूल कुरणातून उठविले तर घरातील चूल विझत असे. आदर्श व्यवस्थेची वाट पाहत बसावे, की आज जे मूल रानात आहे त्याच्याजवळ जाऊन बसावे? अनुताईंनी दुसरा मार्ग पत्करला. तो अपुरा होता. परंतु त्या वाटेने काही मुलांच्या हाती अक्षरे आली.

एवढ्या धावपळीत अनुताईंचे स्वतःचे शिकणे थांबले नव्हते. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या. या पदवीमुळे त्यांच्या पगारात किंवा मानमरातबात भर पडणार नव्हती. अर्ध्यावर राहिलेले शिक्षण त्यांना पूर्ण करावयाचे होते, इतकेच. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ताराबाईंना भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षे ज्यांच्या शब्दावर विसंबून काम केले त्या आता नव्हत्या. संस्थेची जबाबदारी, सेविकांचे प्रशिक्षण, निधीची जमवाजमव हे सारे अनुताईंवर आले. ताराबाई विचारवंत होत्या. अनुताई स्वतःला त्यांची शिष्या मानीत. परंतु शिष्येच्या अंगी एक वेगळी ताकद होती. एखादी कल्पना चिखलात, पावसात, आजारपणात आणि पैशाच्या टंचाईत वर्षानुवर्षे चालू ठेवणे हे काम बुद्धीइतकेच चिकाटीचे असते. खेड्यातील कमी शिकलेल्या सेविकेला वाचता यावे अशा साध्या भाषेत त्यांनी बालवाडीवर पुस्तके लिहिली, 'शिक्षणपत्रिके'चे संपादन केले आणि आपल्या वाटचालीची हकीकत 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रात सांगितली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वयाची सत्तरी उलटल्यावर माणूस विसाव्याची जागा शोधतो. अनुताईंनी कोसबाडहून आणखी आतल्या रानात, दाभोण येथे, नवे काम सुरू केले. प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी उभारलेली ग्राममंगल ही संस्था त्या काळातील. कोसबाडला इमारत होती, माणसे होती, नाव झाले होते. दाभोणला पुन्हा पाड्यावर जाऊन मुले गोळा करण्यापासून सुरुवात होती. तेथेही त्यांनी शिंपले, बिया आणि माती यांचीच मदत घेतली.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले. बोर्डी, कोसबाड आणि दाभोण हा सारा टापू २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आहे. कोसबाडच्या टेकडीवर त्या गेल्या तेव्हा ज्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाळणाघराच्या दारात उभ्या राहत, त्या आज हयात असतील तर सत्तरीच्या पुढे असतील.