वाल्डेमार हाफकिन

१८९८ साली आपल्या हुबळीत प्लेगने कहर माजविला. तेव्हा येथील हजारो लोकांनी जी लस टोचून घेतली, तिच्या जनकाचे चरित्र आम्ही थोडक्यात सांगत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधन करून १८९३ साली ते कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच त्यांनी तेथे मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जंतू वाढविले व ते उष्णतेने मारून लस सिद्ध केली. जंतूंना असा रस पुरतो. देवीच्या विषाणूंना तो पुरत नाही. विषाणू जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढूच शकत नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले व दोष हाफकिन यांच्या माथी आला. लसीची बाटली गावातच दूषित झाली होती, असे दिसून आल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.

दुसऱ्यास जे द्यावयाचे ते आधी स्वतः अनुभवावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.