विश्लेषण : फुगीर व्रणांवर ‘ड’ जीवनसत्त्व उपयोगी? भाऊ दाजी लाड यांच्या आयुष्यातून काय कळते?

कान टोचल्यावर, भाजल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर काहींच्या कातडीवर टणक, खाजरा उंचवटा येतो. अशा व्रणांवर ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन किंवा मलम वापरून पाहण्याचे प्रयोग सध्या सुरू आहेत. हट्टी त्वचाविकारावर नवे औषध आले की रुग्णांच्या आशा पल्लवित होतात. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत कुष्ठरोगाबाबत हेच घडले होते. ते उपचार करणारे डॉ. भाऊ दाजी लाड. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या अभ्यासातही त्यांचे नाव आजही घेतले जाते.

कोण होते भाऊ दाजी?

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२० च्या दशकात गोव्यातला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी ते वडिलांसोबत मुंबईला आले. बुद्धिबळातली त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवा, असा आग्रह वडिलांकडे धरल्याचे सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि पुढे तिथेच शिक्षकही झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले.

ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर त्यांनी शिक्षकी सोडून वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. काही वर्षांतच शहरातील नामवंत डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासोबत त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. बॉम्बे असोसिएशन, मुंबई विद्यापीठ, मुलींच्या शाळा अशा अनेक कामांत ते पुढे होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली. १९७५ मध्ये त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

कुष्ठरोगावर त्यांनी काय केले?

त्या काळी कुष्ठरोग कशामुळे होतो, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. रुग्णाच्या चेहऱ्यावर, कानांवर गाठी येत, बोटे झडत आणि त्याला घराबाहेर काढले जाई. भाऊ दाजींनी जुन्या संस्कृत वैद्यक ग्रंथांतील औषधे आधुनिक डॉक्टरच्या नजरेने तपासायला घेतली. त्यांत सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल होते. कुष्ठरोगावरील त्यांच्या उपचाराची कीर्ती दूरवर पसरली.

मात्र, किती रुग्णांना किती मात्रा दिली, किती बरे झाले, किती जणांचा रोग उलटला, हे इतर डॉक्टरांना पडताळता येईल असे सविस्तर टिपण मागे राहिले नाही. १८६५ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांना मोठा आर्थिक फटका बसला. नंतर प्रकृती ढासळली. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता.

अंबरनाथशी त्यांचा संबंध काय?

भाऊ दाजी डॉक्टर होते, तितकेच प्राचीन लेखांचे अभ्यासकही. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर त्यांनी काम केले. वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथ मंदिरातील शिलालेखही त्यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यातील वर्ष त्यांनी शके ७८२ असे वाचले. लेख छापलेला असल्याने तो पुन्हा तपासणे शक्य झाले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो नव्याने वाचला आणि वर्ष शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असल्याचे दाखवले. मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले संशोधक. आज अंबरनाथचे मंदिर शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातले म्हणून सांगितले जाते, ते या दुरुस्तीमुळेच.

शिलालेखातली चूक अशी सुधारता आली. औषधाची परीक्षा व्हायला मात्र बराच काळ जावा लागला.

त्या तेलाचे पुढे काय झाले?

कडू कवठ आणि त्याच जातकुळीतील चौलमोगरा यांची तेले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली. १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने चौलमोगऱ्यापासून इंजेक्शनने देता येईल असे औषध तयार केले. काहींना त्याने आराम पडे, पण रोगमुक्तीची खात्री नसे. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला.

‘ड’ जीवनसत्त्वाबाबत आज काय माहीत आहे?

फुगीर व्रण दोन प्रकारचे असतात. एक जखमेच्या हद्दीतच राहतो आणि बहुधा काही महिन्यांनी हळूहळू बसतो. दुसरा, म्हणजे केलॉइड, जखमेची हद्द ओलांडून वाढत राहतो. तो कर्करोग नसतो, पण नुसता कापून काढला तर अनेकदा पुन्हा येतो. दोन्हींत कोलॅजन हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त साठते.

प्रयोगशाळेत ‘ड’ जीवनसत्त्वाने केलॉइडमधील पेशींची वाढ आणि कोलॅजनची निर्मिती मंदावल्याचे दिसले आहे. केलॉइडमध्ये थेट इंजेक्शन देऊन केलेल्या छोट्या अभ्यासांतही उत्साह वाढवणारे निष्कर्ष आले. पण नेदरलँड्समध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणांवर ‘ड’ जीवनसत्त्वासारखेच मलम आणि औषध नसलेले मलम यांची तुलना झाली, तेव्हा फुगीर व्रण रोखण्यात फरक आढळला नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे हा उपचार आज प्रायोगिकच मानावा लागतो.

रुग्णांनी काय करावे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातील रुग्णांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून व्रणाचा प्रकार तपासून घ्यावा. व्रणात स्टिरॉइडचे इंजेक्शन, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, दाब देणारी पट्टी आणि शीतोपचार हे उपचार रुळलेले आहेत. व्रण बसावा म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. मात्रा जास्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सुचवले गेले, तर ते किती रुग्णांवर वापरले, तुलना कशाशी केली आणि व्रण पुन्हा किती जणांना आला, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत.