विश्लेषण : अमेरिकेत ‘मीटर’चे स्पेलिंग वेगळे का? दोन अक्षरांची अदलाबदल करणारे नोहा वेबस्टर कोण होते?

मोबाइलवर इंग्रजीत ‘लिटर’ टाइप करून पाहा. शाळेत शिकवल्याप्रमाणे शेवटी आधी ‘आर’ आणि मग ‘ई’ लिहिले, आणि फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, तर शब्दाखाली लाल रेघ उमटते. ‘ई’ आधी आणि ‘आर’ नंतर केले की रेघ गायब. मीटर, सेंटिमीटर, किलोमीटर यांचेही तेच. भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात ‘आर-ई’ चालते, अमेरिकेत ‘ई-आर’.

या फरकाचा माग काढत गेले की रस्ता एका माणसापाशी येतो. नोहा वेबस्टर. ‘मेरियम-वेबस्टर’ या शब्दकोशाच्या नावातले वेबस्टर ते हेच. त्यांनी इंग्रजीत जेवढे बदल सुचवले, त्यातले बरेचसे लोकांनी हसण्यावारी नेले. जे थोडे टिकले, त्यात मोजमापाच्या एककांचा नंबर लागला.

आठ डॉलरची नोट

वेबस्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ चा, कनेक्टिकटमधल्या वेस्ट हार्टफर्डचा. तेव्हा कनेक्टिकट ही ब्रिटिश वसाहत होती. वडील शेतकरी. मुलाची हुशारी पाहून त्यांनी शेत गहाण टाकले आणि १७७४ मध्ये त्याला येल कॉलेजात पाठवले. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटले.

१७७८ मध्ये पदवी घेऊन मुलगा घरी आला, तेव्हा वडिलांनी त्याच्या हातावर आठ डॉलरची एक नोट ठेवली आणि यापुढे तुझे तू बघ, असे सांगून टाकले. ती नोट युद्धकाळात छापलेल्या चलनाची होती आणि तिची किंमत भराभर घसरत होती. पदवी आहे आणि नोकरी नाही, ही अवस्था तेव्हाही होती. वेबस्टर यांनी कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची परवानगी मिळवली, पण अशिलांचा पत्ता नव्हता. पोट भरायला शाळेत शिकवणे आले.

शाळेतल्या दोन गोष्टी त्यांना खटकत होत्या. एक म्हणजे शिक्षकांचा तुटपुंजा पगार. दुसरी म्हणजे मुलांच्या हातातली पुस्तके. देश इंग्लंडच्या राजाशी लढत होता आणि मुले मात्र थॉमस डिलवर्थ या इंग्लिश शिक्षकाच्या पुस्तकातून इंग्लंडमधल्या गावांची नावे घोकत होती.

निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक

१७८३ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी वेबस्टर यांनी स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक काढले. पुढे निळ्या पुठ्ठ्यामुळे ते ‘ब्लू-बॅक्ड स्पेलर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या त्यावर लिहायला-वाचायला शिकल्या.

गंमत अशी की या पहिल्या पुस्तकात बंडखोरी जवळपास नव्हती. ‘ऑनर’ आणि ‘फेव्हर’ या शब्दांतला ‘यू’ गाळणाऱ्यांवर उलट त्यांनी त्यात टीकाच केली होती. काही वर्षांत तेच वेबस्टर हा ‘यू’ हद्दपार करायला निघाले.

पुस्तक कुणीही छापू शकत होता, हा दुसरा प्रश्न. देशभराला लागू होईल असा कॉपीराइटचा कायदाच नव्हता. मग हा तरुण राज्याराज्यांत फिरला आणि तिथल्या विधिमंडळांकडे कायद्यासाठी खेटे घालत राहिला. १७९० मध्ये केंद्राचा कायदा झाला. पुस्तकामागे त्यांना मिळणारी रक्कम एका सेंटपेक्षाही कमी असे, पण पुढचे सगळे संसार आणि संशोधन याच चिल्लरीवर चालले.

स्पेलिंग बदलण्याचा हट्ट कशासाठी?

देश राजकीयदृष्ट्या स्वतंत्र झाला, पण भाषा लंडनच्या ताब्यात राहिली तर स्वातंत्र्य अपुरे, ही वेबस्टर यांची धारणा. तेरा राज्यांत जर्मन, डच, स्कॉटिश, आयरिश असे नाना ठिकाणचे लोक. बोलण्याच्या तऱ्हाही तितक्याच. सगळ्यांचे लेखन एकसारखे आणि इंग्लंडपेक्षा वेगळे झाले, तर हा एक देश आहे असे लोकांना वाटू लागेल, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय स्पेलिंग वेगळे झाले की पुस्तके अमेरिकेतच छापावी लागतील, हाही त्यातला भाग. भाषाप्रेमासोबत धंद्याचे गणित त्यांना चांगले कळत होते.

१७८९ मध्ये त्यांनी इंग्रजी भाषेवरचा ग्रंथ लिहिला आणि बेंजामिन फ्रँकलिन यांना अर्पण केला. उच्चाराप्रमाणे लिहावे, या मताचे फ्रँकलिनही होते. त्यांनी तर नवी अक्षरेच तयार केली होती. वेबस्टर यांना नवी अक्षरे नको होती, आहेत त्यांचीच काटछाट हवी होती. पुढच्या वर्षी त्यांनी निबंधांचा एक संग्रह काढला आणि त्यातल्या काही निबंधांत ही स्पेलिंग वापरूनच दाखवली. ‘इज’ला ‘एस’ऐवजी ‘झेड’, ‘रीझन’ला दोन ‘ई’ आणि ‘झेड’. लोकांनी टर उडवली. १७८९ च्या ग्रंथात तर पदरचे पैसे गेले, आणि त्याच वर्षी लग्न झाले होते.

मधल्या काळात त्यांनी न्यू यॉर्कमध्ये ‘अमेरिकन मिनर्व्हा’ हे दैनिक चालवले, साथीच्या रोगांचा इतिहास लिहिला. स्वभाव हेकट, त्यामुळे शत्रू भरपूर. तरुणपणी क्रांतीने भारावलेला हा माणूस वय वाढले तसा सामान्य मतदारावर अविश्वास दाखवू लागला. भाषेत मात्र त्याची क्रांती चालूच होती.

फ्रान्सहून आलेली नवी मापे

इकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मापेच बदलली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले. १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे पक्की झाली. मीटर हा शब्द मापासाठीच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला. फ्रेंच लिपीत मीटर आणि लिटर या दोन्हींच्या शेवटी ‘आर-ई’.

इंग्रजीत हे शब्द आले तेव्हा पेच पडला. कारण मीटर उच्चाराचे दोन शब्द तिथे आधीच होते. कवितेतले वृत्त, तेही ‘आर-ई’. आणि मोजणारा माणूस किंवा साधन, ते ‘ई-आर’. ब्रिटनने सरळ फ्रेंच स्पेलिंग ठेवले. त्यामुळे तिथे आजही लांबीचा मीटर ‘आर-ई’ आणि विजेचा किंवा टॅक्सीचा मीटर ‘ई-आर’. थर्मामीटर, बॅरोमीटर ही साधने असल्याने ब्रिटनमध्येही ‘ई-आर’च.

वेबस्टर यांच्या नियमात ही तडजोड बसत नव्हती. उच्चार ‘अर’ असेल तर लेखनातही स्वर आधी आला पाहिजे. ‘सेंटर’ आणि ‘थिएटर’ त्यांनी या नियमाने लिहिले. ही स्पेलिंग त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. शतकभर आधी इंग्लंडमध्येही ‘सेंटर’ दोन्ही प्रकारे लिहिले जात असे. वेबस्टर यांनी त्यातले एक उचलले आणि नियम म्हणून लावून धरले.

१८०६ मध्ये त्यांचा पहिला, छोटेखानी शब्दकोश आला. त्याच्या शेवटी व्यापारी, विद्यार्थी आणि प्रवाशांच्या सोयीसाठी निरनिराळ्या देशांची नाणी आणि वजनमापे यांची कोष्टके जोडली होती. म्हणजे मोजमाप हा त्यांच्या लेखी शब्दकोशाचाच विषय होता. लंडनमध्ये १७५५ साली निघालेल्या सॅम्युएल जॉन्सन यांच्या गाजलेल्या कोशात मीटर-लिटर ही मापे असणे शक्यच नव्हते. इथे वेबस्टर यांना कोरी पाटी मिळाली.

वीस वर्षांचा कोश

मोठ्या कोशाचे काम १८०७ च्या सुमारास सुरू झाले. गोल आकाराच्या मोठ्या टेबलावर वेगवेगळ्या भाषांचे कोश मांडलेले आणि वेबस्टर एकेका शब्दाचे मूळ शोधत एका कोशाकडून दुसऱ्याकडे सरकत जाणारे, असे वर्षानुवर्षे चालले. त्यांच्या व्युत्पत्ती पुढे बऱ्याच चुकीच्या ठरल्या. व्याख्या मात्र नेमक्या होत्या, आणि कोशाची खरी ताकद तीच.

१८२४ मध्ये, साठी उलटल्यावर, ते मुलाला घेऊन जहाजाने युरोपला गेले. पॅरिसच्या ग्रंथालयात काम केले आणि जानेवारी १८२५ मध्ये केंब्रिज इथे शेवटचा शब्द लिहून झाला. इंग्लंडची सत्ता भाषेवरून उठवायला निघालेल्या कोशाची अखेर इंग्लंडमध्येच झाली. तिथे प्रकाशक काही मिळाला नाही.

‘ॲन अमेरिकन डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ १८२८ मध्ये अमेरिकेत निघाली. दोन खंड, सुमारे ७० हजार शब्द, लेखकाचे वय ७०. त्यात लिटर ‘ई-आर’ने, किलोमीटर ‘ई-आर’ने आणि ग्रॅम, किलोग्रॅम शेवटचे फ्रेंच ‘एम-ई’ गाळून. हे सगळे फ्रान्सचे माप म्हणून नोंदवलेले, कारण तेव्हा अमेरिकेत मीटरने कुणीच मोजत नव्हते. कापड दुकानात येण्याआधी मीटर अमेरिकन कोशात आला, आणि वेबस्टर यांच्या स्पेलिंगने आला.

किंमत होती २० डॉलर, छापल्या २,५०० प्रती. एवढे पैसे मोजणारे थोडे. दुसऱ्या आवृत्तीसाठी वेबस्टर यांनी ऐंशी ओलांडल्यावर घर गहाण टाकले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवनमध्ये ते वारले, तेव्हा त्या आवृत्तीच्या प्रती पडूनच होत्या. त्या प्रती आणि पुढचे हक्क जॉर्ज आणि चार्ल्स मेरियम या भावांनी विकत घेतले. कोश घरोघरी पोहोचवला तो त्यांनी.

‘एकर’पुढे हार

वेबस्टर यांचा नियम एका मापापुढे अडला. एकर. इंग्रजीत त्याच्याही शेवटी ‘आर-ई’. नियमाप्रमाणे ‘ई-आर’ केले, तर आधीच्या ‘सी’चा उच्चार बदलतो आणि जमिनीच्या मापाऐवजी लॅपटॉपच्या कंपनीचे नाव वाचल्यासारखे होते. वेबस्टर यांनी तोडगा काढला, ‘सी’च्या जागी ‘के’ घाला. लोकांनी ऐकले नाही. आज अमेरिकेतही एकर जुन्याच स्पेलिंगने मोजला जातो. जीभ या अर्थाच्या ‘टंग’साठी त्यांनी सुचवलेले चार अक्षरी रूपही असेच बाजूला पडले.

मग नियम आजही त्यांचाच का?

अमेरिकेत मोजमापाचे प्रमाण ठरवणारी सरकारी संस्था म्हणजे ‘निस्ट’. एसआय एककांवरच्या तिच्या पुस्तिकेत स्पेलिंगबद्दल स्पष्ट खुलासा आहे. ती सरकारी मुद्रणालयाची नियमावली पाळते आणि ती नियमावली वेबस्टर यांच्या नावाने चालणारा कोश पाळते. म्हणून मीटर आणि लिटर ‘ई-आर’ने, दहा पटीसाठीचा ‘डेका’ ‘सी’ऐवजी ‘के’ने.

आंतरराष्ट्रीय पातळीवर यावर भांडण होत नाही, कारण तिथे शब्दापेक्षा चिन्ह महत्त्वाचे. मीटरसाठी सगळीकडे लहान लिपीतला ‘एम’. लिटरसाठी लहान ‘एल’ होता; तो एक या आकड्यासारखा दिसतो, म्हणून १९७९ मध्ये मोठ्या ‘एल’लाही मान्यता मिळाली. पाण्याच्या बाटल्यांवर दोन्ही दिसतात ते यामुळे.

नुसत्या स्पेलिंगचा फरक निभावून जातो. गडबड होते ती नाव एक आणि माप दोन असले की. ब्रिटनने १८२४ मध्ये गॅलन नव्याने ठरवला, तो ४.५४६ लिटरचा. अमेरिकेने जुना, वाइन मोजायचा इंग्लिश गॅलनच चालू ठेवला, ३.७८५ लिटरचा. टनाचेही तसेच. अमेरिकेचा टन २,००० पौंडांचा, ब्रिटनचा जुना २,२४० पौंडांचा. हजार किलोच्या टनाला ब्रिटनमध्ये शेवटी ‘एन-एन-ई’ लावतात, अमेरिकेत त्याला ‘मेट्रिक टन’ म्हणतात.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना आणखी एक घोळ ओळखीचा असेल. वर्कशॉपमधला मायक्रोमीटर हे जाडी मोजायचे साधन, आणि मिलिमीटरचा हजारावा भाग हे एकक. भारतीय पुस्तकांत साधन ‘ई-आर’ आणि एकक ‘आर-ई’, त्यामुळे वाचताना फरक कळतो. अमेरिकन पुस्तकांत दोन्ही एकसारखे, संदर्भावरून ओळखायचे. तिथे एककाला अजूनही सर्रास ‘मायक्रॉन’ म्हणतात, तेच बरे.

भारताच्या २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यात मीटर ‘आर-ई’नेच आहे. परीक्षेत आणि सरकारी कागदावर तेच लिहावे. ग्रॅम मात्र आपणही वेबस्टर यांच्यासारखाच, शेवटचे ‘एम-ई’ गाळून लिहितो. लाल रेघेचा त्रास होत असेल तर फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडता येते. मराठीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. कापडाचाही मीटर, रिक्षाचाही मीटर.