चौकोनी छत्री आणि कुलूपबंद ज्ञान

लिओनार्दो दा विंची म्हटले की मोनालिसा आठवते. पण याच माणसाने पाचशे वर्षांपूर्वी आकाशातून सुखरूप उतरण्यासाठी चौकोनी छत्रीचा आराखडा काढून ठेवला होता. जन्माचे कारण दाखवून त्याला बापाच्या पेशाचे दार बंद करण्यात आले होते, हे पाथरीच्या किती मुलांना ठाऊक आहे? पाठ्यपुस्तकातला लिओनार्दो चित्रकार असतो. दाराबाहेर ठेवलेला मुलगा तिथे भेटत नाही. म्हणून आम्ही आज त्याची कहाणी सांगत आहोत.

15 एप्रिल 1452 रोजी इटलीतील विंची गावाजवळ तो जन्मला. बाप पिएरो नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारा प्रतिष्ठित माणूस. आई कातेरिना गरीब घरची. दोघांचे लग्न झालेले नव्हते आणि अशा मुलाला फ्लॉरेन्सच्या नोटरी संघात जागा नव्हती. पेशाच मिळणार नाही, मग त्यासाठी लागणारे लॅटिन तरी कोण शिकवणार? लॅटिन ही तिकडची संस्कृत. ज्याला ती येते तोच विद्वान!

लिओनार्दोचे दुःख आपल्या बापजाद्यांच्या दुःखाएवढे होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला पाणवठ्यावर कोणी अडवले नाही. बापाच्या घरात तो वाढला. पण जन्म पाहून दार लावायची रीत मात्र तीच.

बापाने त्याला फ्लॉरेन्सला व्हेरोक्क्यो या कलावंताच्या कारखान्यात उमेदवारीला घातले. तिथे चित्र, मूर्ती, ओतकाम अशी सगळी कामे चालत. हात चालवता चालवता त्याची बुद्धी चालू लागली. पस्तिशी उलटल्यावर तो शब्दांच्या याद्या करून स्वतःच लॅटिन शिकू लागला.

1482 च्या सुमारास तो मिलानला गेला. तिथे 1485 च्या आसपास एका कागदाच्या कडेला त्याने छत्री काढली: तळ चौकोनी, वर टोक, लाकडी दांड्यांवर ताणलेले लिननचे कापड. रुंदी आणि उंची तिकडच्या मापाने 12 हात, म्हणजे सुमारे 7 मीटर. कापडाची छिद्रे बुजवायची, कारण कोंडलेली हवाच माणसाचा वेग रोखणार होती.

2 मे 1519 रोजी फ्रान्समध्ये तो वारला. हजारो पाने मागे राहिली, तीही डाव्या हाताने उलटी लिहिलेली, आरशात वाचावी अशी. त्याने ती छापली नाहीत. शिष्य मेल्झीने जपली. पण त्याच्या मृत्यूनंतर ती विखुरली. छत्रीचा कागद ग्रंथालयात पडून राहिला. फ्रान्समध्ये 1783 मध्ये लेनॉर्मां आणि 1797 मध्ये गार्नरँ यांनी छत्री घेऊन उड्या घेतल्या, त्या स्वतःच्या बुद्धीने. लिओनार्दोचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही.

2000 साली ब्रिटिश उडीपटू एड्रियन निकोलस याने तशीच छत्री बनवून दक्षिण आफ्रिकेत सुमारे 3000 मीटरवरून उडी घेतली. ती चालणार नाही, असे जाणकार सांगत होते. छत्री अलगद खाली आली. मात्र तिचे वजन फार असल्याने जमिनीजवळ तिच्याखाली सापडू नये म्हणून त्याने ती सोडली आणि आजच्या पॅराशूटने तो उतरला. आजचे चौकोनी पॅराशूट वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याच्या कप्प्यांत समोरून हवा शिरते, कापड फुगून विमानाच्या पंखासारखे होते आणि ते हवे तिकडे वळवता येते. 1964 मध्ये ते शोधणारा डॉमिना जाल्बर्ट हा अमेरिकेतला पतंग बनवणारा कारागीर होता!

पाचशे वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा कारागिराचेच डोके चालले. फरक इतकाच की जाल्बर्टचे काम जगापुढे आले आणि लिओनार्दोचे पेटीत राहिले. ज्ञान मिळू न देणे हा अन्याय. मिळालेले ज्ञान पेटीत राहणे हे समाजाचे नुकसान. बाबासाहेबांनी 1920 मध्ये मूकनायक काढला आणि 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते ही दोन्ही कुलुपे तोडण्यासाठीच.

पाथरी, मानवत, सेलूकडे ताडपत्री शिवणारे, मोटारपंप दुरुस्त करणारे आपले कितीतरी तरुण रोज काही नवी युक्ती काढतात. ती त्यांच्यासोबतच संपते. ती वहीत उतरली पाहिजे, शाळेत सांगितली गेली पाहिजे, छापून आली पाहिजे. युक्ती ज्याची, नावही त्याचेच लागले पाहिजे.